उंचवालं गाव

म्युनिक, १० नोव्हेंबर २०२४

बाबा,

नमस्कार पोचावा. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि व्हिडिओत तुम्ही नुसती मान हलवून हसता, म्हणून नेहमीप्रमाणे कागदावर लिहून फोटो पाठवतो आहे. दोन बोटांनी मोठं करून वाचा. अक्षर खराब आहे म्हणून रागावू नका, ऑफिसातून आल्या आल्या लिहायला बसलोय.

तुमच्या व्हिसाचं काम होईल असं दिसतंय. मार्चच्या पहिल्या आठवड्यात खुशीच्या शाळेला सुट्टी असते. त्या आठवड्यात इथली निम्मी माणसं आल्प्सच्या डोंगरात जातात. पायाला लांब पट्ट्या बांधायच्या आणि बर्फाच्या उतारावरून घसरत यायचं, याला स्की म्हणतात. मी तीन वर्षांत तीनशे वेळा पडलो असेन, खुशी सहा वर्षांची असून माझ्यापेक्षा कमी पडते. तिला आजोबांना ते करून दाखवायचंय. नयनही म्हणते की सासरे पहिल्यांदा येतायत, तर घरात कोंडून ठेवायचं नाही.

मी तीन ठिकाणं काढली आहेत. फोटो सोबत आहेत.

लिंडताल हे खोऱ्यातलं गाव, उंची सातशे मीटर. बर्फ कमी पडतो, मशीनने पाडतात. सपाट रस्ते, गरम पाण्याचं कुंड. तिथं बहुतेक म्हातारी माणसं असतात. ओबरमाट तेराशे मीटरवर आहे, लाकडी घरं आहेत आणि मुलांची स्कीची शाळा चांगली आहे. काल्टहोर्न सगळ्यांत उंच. गावच अठराशे मीटरवर, आणि तिथून रोपवे दोन टप्प्यांत बत्तीसशे मीटरवर नेतो. वर बारा महिने बर्फ असतो आणि म्हणतात की तिथून पाच देशांचे डोंगर दिसतात.

माझं मन ओबरमाटवर आहे. पण पाहुणे तुम्ही, तेव्हा निवड तुमची.

तुमचा,
कपिल

*

राजूर, १७ नोव्हेंबर २०२४

कपिल,

पत्र वाचलं, आशीर्वाद आहेच. तुझी तिन्ही गावं मी सात दिवस पाहत होतो. नावं काही तोंडात बसली नाहीत, म्हणून मी माझी नावं ठेवली: कुंडवालं, शाळावालं आणि उंचवालं.

देवरावला पानठेल्यावर फोटो दाखवले. माझ्याबरोबर खाणीत होता तो, त्याला तू ओळखतोस. त्यानं पाटीवर लिहून विचारलं, "घन्या, कुंडात बसाले तुले जर्मनीले कायले जा लागते? अठी का पाणी गरम होत नाही?" सगळे हसले. मी म्हटलं, "कुंडात कोन बसून राह्यला? मी त वर जातो."

तर आपलं उंचवालं पक्कं कर. चौतीस वर्षं रोज पाळीला जमिनीखाली उतरलो. कोळसा, पाणी आणि अंधार यांच्याशिवाय दुसरं काही पाहिलं नाही. एकदा माणसानं वर जाऊन पाहावं, असं मनात आहे. तिथली हवा धुतल्यासारखी असेल. इथं सकाळी ओट्यावरून हात फिरवला तरी बोटं काळी होतात.

माझी तब्येत ठणठणीत आहे. खुशीला सांग, आजोबा येतात.

घनश्याम

*

महागाव, २४ नोव्हेंबर २०२४

बाबा,

कपिलनं कळवलं की तुम्ही सगळ्यांत उंच गाव निवडलं. मी दोन दिवस वाट पाहिली, म्हटलं राग शांत होऊ दे. झाला नाही, म्हणून लिहिते.

दिवाळीच्या आधी यवतमाळला छातीच्या डॉक्टरांकडे मी तुम्हाला नेलं होतं. ते काय म्हणाले ते तुम्हाला ऐकू आलं नाही, पण मी तिथंच त्यांच्या टेबलावर कागद घेऊन लिहून दिलं होतं. तो कागद तुम्ही घडी करून खिशात ठेवलात आणि बसस्टँडवर मला विचारलंत, "चहा घेतं का?" म्हणून आता पुन्हा लिहिते. तुमची फुप्फुसं कोळशाच्या धुळीनं भरली आहेत. ती आता सुधारणार नाहीत. पंप ओढून फक्त दिवस बरे जातील. ते म्हणाले, दोन वर्षं, जपलं तर तीन.

आणि काल मी त्यांना फोन करून बर्फाचं विचारलं. ते म्हणाले, विमानाचंच मला पटत नाही. जायचंच असेल तर सपाटीला राहा. डोंगरावर हवा विरळ असते, या छातीला ती पुरणार नाही. बत्तीसशे मीटर ऐकून म्हणाले, तिथं तर नेऊच नका.

म्हणून कपिलला सगळं खरं सांगा, नाहीतर मी सांगते. तुमची लेक आहे, धमकी समजा.

सुरभी

*

राजूर, २९ नोव्हेंबर २०२४

सुरभी, पोरी,

तू लहानपणापासून मास्तरीण होतीस, आता तर सरकारनंच तुला पगार देऊन केलंय. तुझ्याशी भांडून मी कधी जिंकलो नाही. पण हे एक ऐक.

तुझा डॉक्टर शिकलेला आहे, पण तो कधी खाली उतरलेला नाही. मी सांगतो हवा कशी असते. खाणीतली वाईट हवा जड असते. खालच्या गल्लीत ती पाण्यासारखी साचते, दिसत नाही, वास येत नाही. आधी दम लागतो, मग डोकं जड होतं, मग पाय. एकदा आम्ही तिघं होतो, मी, देवराव आणि पूनमसिंग. पूनमसिंगला वाटलं खाणीच्या खालच्या तोंडानं बाहेर पडणं जवळ पडेल, तो तिकडे पळाला. त्याला दुसऱ्या दिवशी वर आणलं. मी आणि देवराव चढाकडे आलो, म्हणून आज पान खातोय. दम कोंडला की चढ धरायचा. नव्या पोराला खाणीत पहिल्या दिवशी हेच शिकवायचे आणि शेवटच्या दिवसापर्यंत मी तेच केलं.

कपिलला सांगू नको. त्याचा स्वभाव तुला माहीत आहे. तो तिकीट रद्द करेल, स्वतः चार दिवसांसाठी पळत येईल, मला दवाखान्यात टाकेल आणि परत जाईल. खुशी दोन वर्षांची असताना आली होती तेव्हा माझ्या मिशांना भिऊन आठही दिवस रडली. तेवढीच आमची ओळख. तू म्हणतेस दोन वर्षं आहेत. त्यातला एक आठवडा मला त्या पोरीबरोबर दे.

तुला तुझ्या आईची आण आहे.

बाबा

*

महागाव, ८ डिसेंबर २०२४

कपिल,

तू आणि बाबा मिळून गाव ठरवलंत, मला कोणी विचारलं नाही, पण मी विचारल्याशिवाय बोलणारी आहे हे तुला माहीत आहे. माझं मत लिंडतालला. तेच घे.

बाबांना आता थंडी सोसत नाही. गुडघे कुरकुरतात. ऐकू येत नाही, वर गर्दीत कुठे हरवले तर हाक कशी मारणार? आणि खरं सांगू, पाच देशांचे डोंगर पाहून ते काय करणार? त्यांना खुशी पाहायची आहे. ती सातशे मीटरवरही तेवढीच दिसेल. कुंडाच्या काठावर खुर्ची टाकून बसव आणि शिरा खाऊ घाल. उगाच हौस म्हणून उंचावर नेऊ नको.

नयनला सांग, पापड आणि तिखट बाबांबरोबर पाठवते.

ताई

*

म्युनिक, १५ डिसेंबर २०२४

ताई,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. लपवत नाही.

बाबांनी आयुष्यात आपल्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. पहिल्यांदा एक गोष्ट मागितली, की उंचवालं गाव हवं. आणि तू म्हणतेस त्यांना कुंडाच्या काठावर बसव. ते म्हातारे झालेत असं तुला वाटतं, कारण तू त्यांना रोज म्हातारं म्हणून पाहतेस. की आणखी काही आहे? मी इथून त्यांच्यासाठी काही केलं की तुला ते नेहमीच जास्त वाटतं. गेल्या वेळी खुर्ची पाठवली तेव्हाही तू असंच लिहिलं होतंस. जवळ राहून सगळं तूच करतेस हे मला कबूल आहे, ताई. पण म्हणून मी काहीच करू नये का?

एक कामाचं. प्रवासाच्या विम्याचा फॉर्म पाठवतोय. इंग्रजीत आहे, बाबांच्या वतीनं तू भर. त्यात छातीचा किंवा हृदयाचा आजार आहे का असं विचारलंय. बाबा ठणठणीत म्हणतात, पण ते मोडलेल्या हातालाही ठणठणीत म्हणत होते. तू तिथे आहेस. त्यांना दम लागतो का? काही असेल तर स्पष्ट लिही. मी त्याच दिवशी लिंडताल घेतो, किंवा सगळंच रद्द करून मीच येतो. तू लिहिशील त्यावर मी जाईन.

कपिल

*

महागाव, २२ डिसेंबर २०२४

कपिल,

फॉर्म भरून सही घेऊन पाठवला. छातीच्या आणि हृदयाच्या रकान्यात 'नाही' लिहिलं आहे. बाबा वयाच्या मानानं ठीक आहेत.

गाव तुम्ही बापलेक ठरवा. मला त्यात काही म्हणायचं नाही. माझ्यामुळे कोणाची हौस मोडली असं व्हायला नको.

सुरभी

*

काल्टहोर्न, ३ मार्च २०२५

सुरभी, पोरी,

पोचलो. तुझी काळजी व्यर्थ गेली, बघ. विमानात झोपलोच होतो. खिडकीतून पांढरं दिसलं, वाटलं कापूस पिंजून टाकलाय, मग नयननं लिहून दिलं की ते डोंगर आहेत.

खुशीला मराठी धड येत नाही आणि मला ऐकू येत नाही, त्यामुळे आमचं उत्तम जमलं. ती हातवारे करून बोलते. कालपासून माझा हात सोडलेला नाही. मिशांची भीती गेली, आता त्यांना बर्फ लावून बघते. आज तिनं मला बूट घालून दिले, एकेक बंद ओढून, जीभ बाहेर काढून. तुझी आई असायला हवी होती. ते पाहताना मला रडू आलं, मी बर्फाचं कारण सांगितलं.

एवढंच की इथं दम जरा जास्त लागतोय. हॉटेलपासून रोपवेपर्यंत घरापासून शाळेइतकंच अंतर असेल, मी चार वेळा थांबलो. कपिलला म्हटलं फोटो काढतोय. कारण माझ्या लक्षात आलं आहे. हे गाव उंच म्हणतात, पण बसलंय दोन डोंगरांच्या मधल्या खड्ड्यात. सगळ्या चिमण्यांचा धूर इथंच साचतो. उद्या वर जाणार आहोत. वर मोकळं वाटेल.

पंप संपत आलाय, पण तेवढा पुरेल.

बाबा

*

महागाव, ४ मार्च २०२५, सकाळी सात

बाबा, हे पाहाल तिथंच थांबा. वर जाऊ नका. हा खड्ड्याचा दम नाही, उंचीचाच आहे. मी तुमच्या पाया पडते. आजारी असल्याचं सोंग करा, पोट दुखतं म्हणा, काहीही म्हणा आणि कपिलला गाडी खाली घ्यायला लावा. तुमचं खाणीतलं सगळं खरं आहे, पण डोंगरावर ते उलटं असतं, बाबा. खाली या.

वाचलं की एक अक्षर तरी पाठवा.

सुरभी

*

म्युनिक, ६ एप्रिल २०२५

ताई,

राजूरहून परतून आठ दिवस झाले. तिथं घर माणसांनी भरलेलं होतं, तुझ्याशी नीट बोलायला मिळालंच नाही. तूही तेरा दिवस कोणाशी बोलली नाहीस. म्हणून त्या दिवशी काय झालं ते आज पहिल्यांदा लिहितो. तुला माहीत असायला हवं.

पहिल्या टप्प्यावर उतरलो तेव्हा बाबा बाकावर बसले. ओठ निळे दिसत होते. मला वाटलं थंडी. मी हातानं खूण केली, खाली जाऊया का? त्यांनी जोरात मान हलवली आणि वर बोट दाखवलं. दोनदा, तीनदा. मी पाटीवर लिहिलं, "दम लागला का?" ते चिडले. तोंडानं म्हणाले, "चाल ना लवकर, कायले थांबून राह्यला!" उठून उभेही राहिले, खुशीचा हात धरून. रोपवेचा डबा आला तसे ते आणि खुशी घाईघाईनं आत शिरले. मला वाटलं, केवढी हौस आहे. मी फोटो काढला. त्या फोटोत ते वर बघतायत आणि हसतायत.

वरच्या टप्प्यावर दार उघडलं, ते बाहेर आले, तोंड उघडं ठेवून दोन-तीन पावलं आणखी चढाकडे चालले आणि बसले. हेलिकॉप्टर पंचवीस मिनिटांत आलं. त्यांचा फोन हॉटेलात उशीजवळ होता. त्यावर तुझा एक फोटो आलेला होता, पण तेव्हा गडबडीत मी फोन उघडला नाही आणि मग उघडायचं धैर्य झालं नाही. तो तसाच कपाटात आहे.

इथल्या डॉक्टरांनी त्यांची फुप्फुसं तपासली. पूर्ण काळी होती. डॉक्टरांनी विचारलं, हे अनेक वर्षांचं आहे, घरी कोणाला माहीत नव्हतं? मी म्हटलं, नाही. त्यांनी हे आपल्या दोघांपासून लपवलं, ताई. एकटेच सोसत राहिले. मी मुलगा म्हणून काय पाहत होतो? मी त्यांना बाकावरून ओढून खाली न्यायला हवं होतं. रोज मी तो बाक पाहतो.

पण मी लिहायला बसलो ते खुशीसाठी. ती शाळेत जात नाही. जेवत नाही. परवा नयनला म्हणाली, आजोबांना मी वर नेलं, मी त्यांचा हात ओढला, म्हणून ते मेले. डब्यात आधी ती शिरली होती, ते खरं आहे. मी तिला सांगतो की तुझी चूक नाही, बाळा. ती विचारते, मग कोणाची? मी म्हणतो, कोणाचीच नाही. ती मान्य करत नाही. इथल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, मुलांना खरं उत्तर लागतं. माझ्याकडे उत्तर नाही.

तू तिथं असायचीस. तुला कधी काही जाणवलं होतं का? तुझ्यावर आळ नाही, ताई. उलट मी डिसेंबरात जे लिहिलं त्याची लाज वाटते. तुझंच बरोबर होतं, कुंडाच्या काठावर बसवायला हवं होतं.

कपिल

*

महागाव, ११ एप्रिल २०२५

कपिल,

आपल्या दोघांपासून नाही. तुझ्या एकट्यापासून.

मला ऑक्टोबरातच माहीत होतं. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी समोर बसले होते. उंचावर नेऊ नका, हेही मी फोन करून विचारून घेतलं होतं. तू मला सरळ विचारलंस, दम लागतो का. फॉर्म भरला त्या दिवशी सकाळी ते माझ्याकडे आले होते, आणि अंगणापासून खाटेपर्यंत येताना दोनदा थांबले होते. त्यानंतर तासाभरानं मी फॉर्मवर 'नाही' लिहिलं.

बाबांनी आईची आण घातली होती. हे मी तेरा दिवस स्वतःला सांगत होते. पण आणेपुरतंच असतं तर मी गप्प बसले असते, खोटं लिहिलं नसतं. तुझ्या त्या पत्राचा मला राग आला होता, कपिल. तू बाबांसाठी केलेलं मला पाहवत नाही, असं तू म्हणालास. म्हटलं, घे मग तुझा डोंगर. एवढ्याशा गोष्टीसाठी. मी मुलांना शाळेत खोटं बोलल्याबद्दल बाहेर उभं करते.

चार मार्चला सकाळी मी बाबांना लिहिलं की वर जाऊ नका. त्या फोनमध्ये आहे, उघड आणि वाच. तुम्ही सगळे झोपलेले असाल तेव्हा. निघायला तुम्हाला पाच-सहा तास होते. तेवढ्या वेळात मी तुला फोन करू शकत होते. फोन हातात घेऊन मी बसले होते. तुला कळलं की मी फॉर्मवर काय लिहिलं, तर तू काय म्हणशील, याचा विचार करत बसले. मग शाळेची वेळ झाली आणि मी शाळेत गेले. त्या दिवशी मी चौथीला भागाकार शिकवला.

तू त्या बाकाचं लिहिलंस. बाबा तिथून हौसेनं उठले नाहीत. खाणीत वाईट हवा खाली साचते, दम कोंडला की माणूस चढाकडे धावतो. तेवढंच त्यांना माहीत होतं. जीव वाचवायलाच ते वर चालले होते. तू हाताला धरून खाली ओढलं असतंस तर त्यांनी तुझा हात झटकला असता. त्यांना थांबवू शकेल असं एकच माणूस होतं आणि ते महागावला बसलं होतं.

राजूरला तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलास, आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. तेव्हाही सांगू शकले नाही. आताही सांगितलं नसतं, हेही लिहून ठेवते. खुशीचं वाचलं म्हणून लिहिते आहे.

तू म्हणतोस तुझ्याकडे उत्तर नाही. हे घे. तिला सांग, आत्याला माहीत होतं की आजोबा आजारी आहेत आणि आत्यानं ते लपवलं. तिनं हात ओढला नसता तरी आजोबा त्या डब्यात गेलेच असते, असं सांग. चूक आत्याची. मोघम बोलू नको, माझं नाव घेऊन सांग. तिला मराठी कमी कळते, तेव्हा तिच्या भाषेत सांग.

सुरभी